चित्रात न हलणारं काय आहे?

एक हात रेलिंगला, दुसऱ्या हातात मोबाईल आणि मागून कुणीतरी घाई करतंय, अशा अवस्थेत राजगडाचा बालेकिल्ला चढताना घेतलेलं फुटेज बघणं ही शिक्षाच असते. भोरमध्ये लग्नांची शूटिंग घेणारा माझा एक मित्र पावसाळ्यात हेच फुटेज एडिट करून देतो. त्या दिवसांत लग्नं नसतात, संगणक मोकळा असतो. त्याच्या शेजारी बसून मी हे काम पाहिलं, मग माझ्या क्लिपांवर करूनही पाहिलं.

गिऱ्हाईक सांगतं, "तेवढं हलणं काढा." पण सॉफ्टवेअरला हलणं दिसत नाही, ठिपके दिसतात. कातळाचे कोपरे, तटाच्या कडा, झाडांचे बुंधे असं ठळक काही ते एका फ्रेममध्ये पकडतं आणि पुढच्या फ्रेममध्ये ते कुठे सरकलं हे शोधतं. सेकंदाला पंचवीस-तीस फ्रेम. बहुतेक ठिपके मिळून एकीकडे सरकले, की कॅमेरा उलट बाजूला हलला असं ते धरून चालतं. त्यातून कॅमेऱ्याची वेडीवाकडी वाट निघते. ती गुळगुळीत करायची आणि प्रत्येक फ्रेम त्या नव्या वाटेवर बसेल इतकी सरकवायची, फिरवायची. 'आफ्टर इफेक्ट्स' या सॉफ्टवेअरमध्ये २०११ साली वॉर्प स्टॅबिलायझर आला आणि हा सगळा हिशेब एका क्लिकवर होऊ लागला. 'दाविंची रिझॉल्व्ह'च्या मोफत आवृत्तीतही अशी सोय आहे. हिशेब चालू असेपर्यंत चहा होतो. खरं काम त्यानंतरचं.

फ्रेम सरकली की कडेला काळी पट्टी उघडी पडते. ती झाकायला चित्र मोठं करावं लागतं, म्हणजे कडा कापल्या जातात आणि स्पष्टपणा कमी होतो. फोर-केमध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६० मध्ये घेतलेलं १९२० बाय १०८० मध्ये द्यायचं असेल तर हे परवडतं. म्हणून मित्राचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ओरिजिनल आणा, व्हॉट्सॲपवरचं नको."

बालेकिल्ल्याच्या क्लिपमध्ये पुढच्या गड्याच्या सॅकने निम्मी चौकट व्यापली होती. रंगीत पट्टे, बकलं, चेन. ठिपके धरायला याहून सोयीचं काय? सॉफ्टवेअरने सॅकच स्थिर मानली. सॅक जागच्या जागी ठाम आणि मागे अख्खा राजगड डुलतोय! मित्राने ठिपके पडद्यावर आणले, सॅकवरचे तेवढे निवडून पुसले आणि हिशेब पुन्हा लावला. आता कातळ थांबला, सॅक वर चढू लागली.

सुवेळा माचीवरच्या धुक्यापुढे मात्र ही युक्ती चालत नाही. पांढऱ्या धुक्यात पकडायला कोपराच नसतो. उरतं ते वाऱ्याने लवणारं गवत आणि कुणाच्या तरी रेनकोटची टोपी. लेन्सवर पडलेला पावसाचा थेंब तर सगळ्यात मोठा लबाड. कॅमेरा कितीही हलो, थेंब चौकटीत तिथेच राहतो आणि काहीच हललं नाही अशी साक्ष देतो.

संजीवनी माचीवर वेगळंच झालं. वॉर्प स्टॅबिलायझरची नेहमीची पद्धत चौकटीचे भाग वेगवेगळे ताणते, त्यामुळे चिलखती तटबंदी रबरासारखी वाकायला लागली. चौकट अखंड ठेवून फक्त जागा, आकार आणि फिरणं सुधारणारी पद्धत निवडल्यावर तट सरळ झाला, थोडं हलणं मात्र उरलं. मला तेच बरं वाटलं. तट सरळ हवा. चालणारा माणूस थोडा हलणारच. गुळगुळीतपणाचा आकडा आपसूक ५० वर असतो, मित्र तो चालतानाच्या क्लिपांना बराच खाली आणतो. नाहीतर माणूस चढतोय की तरंगतोय, तेच कळत नाही.

एका गोष्टीला इलाज नाही. ढगाळ उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि धक्का त्या फ्रेममध्येच फासला जातो. क्लिप हलत असते तोवर हे लपून जातं. स्थिर केल्यावर चित्र जागेवर असतं, पण मधूनच पुसट होतं, पुन्हा साफ होतं आणि डोळ्याला जास्तच खुपतं. अशा क्लिपमधून मित्र दोन-तीन सेकंदांचा बरा तुकडा घेतो आणि बाकीचं टाकून देतो. मग सुवेळा माचीच्या कातळातलं ते आरपार भोक आठवून गिऱ्हाईक विचारतंच, "नेढ्याचं का नाही घेतलं?"