छप्पर कोणाचे?

रोहिणी नक्षत्र लागले की कोकणात घराघरांवर माणसे चढत. नळीची कौले उतरवायची, फुटलेली बाजूला काढायची, कुजलेली रीप बदलायची, वर्षभराचा पालापाचोळा झाडायचा आणि मृगापूर्वी कौले पुन्हा बसवायची, असा तो क्रम असे. या कामाला मराठीने ‘शाकारणी’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे खाचेत बसणारी मंगलोरी कौले सर्वत्र पसरली. शाकारणी त्यामुळे हलकी झाली, तरी ती सुटली नाही. ती सुटली काँक्रीटच्या गच्चीमुळे. गच्ची एकदा घातली की ती कायमची, अशी एक समजूत आपल्या शहरी मध्यमवर्गाने करून घेतली आहे आणि तिची किंमत तो दर पावसाळ्यात मोजीत आहे.

वस्तुतः काँक्रीट हे कौलाहूनही अधिक लक्ष मागते. त्याच्या पोटातील लोखंडी सळईचे रक्षण सिमेंटच्या क्षारधर्मामुळे होते. हवेतील कर्बवायू आणि ओल बारीक भेगांतून आत शिरत राहिली की हा गुण हळूहळू नाहीसा होतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तर हे काम अधिकच लवकर उरकते. मग सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, म्हणून तो भोवतीचे काँक्रीट आतून फोडतो आणि आपल्या डोक्यावर पोपडे पडू लागतात. अशा वेळी गवंड्याला बोलावून वरून गिलावा थापण्याची आणि त्यावर रंग काढण्याची जी रीत आहे, ती जखम न धुता पट्टी बांधण्यासारखी आहे. सैल काँक्रीट ठोकून पाडणे, सळई उघडी करून गंज खरवडणे, फारच झिजली असेल तर जोडीला नवी सळई देणे आणि मग गिलावा, हा खरा क्रम. तो खर्चिक आहे यात शंका नाही. पण पाणी मुळात आत आले ते कोठून? बहुधा गच्चीचा उतार बिघडला म्हणून, पावसाच्या नळाच्या तोंडाशी पाने साचली म्हणून, किंवा कठड्याच्या फटीत पिंपळ रुजला म्हणून. पिंपळाची फांदी दरवर्षी छाटली जाते आणि मूळ तसेच राहते. त्याकडे कुणी विशेष लक्ष देत नाही.

हे सारे कळत असूनही होत का नाही, याचे कारण बांधकामशास्त्रात सापडणार नाही. छप्पर कोणाचे, हा प्रश्न आपण कधी सरळ सोडवलाच नाही. मुंबईतील भाडेनियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, आणि त्या काळी ते आवश्यकच होते. परंतु मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाडेकरूला तो हक्क वाटला नाही. अखेर १९६९ च्या कायद्याने शासनाने मंडळ स्थापून, उपकर घेऊन, ही जबाबदारी अंगावर घेतली. मालक, भाडेकरू आणि मंडळ असे तीन वारस झाल्यावर छप्पर कोणाचे, हे सांगणे अधिकच कठीण झाले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे दगावली, त्या इमारतीस राहण्यास अयोग्य ठरवून बराच काळ लोटला होता. नोटीस भिंतीला चिकटवता येते. माणसाला दुसरे घर त्या नोटिशीने मिळत नाही.

भाडेकरूंचे सोडा, जेथे प्रत्येकजण मालक आहे, त्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत तरी चित्र वेगळे आहे काय? पोटनियम चांगले आहेत. पावसाच्या पाण्याने गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करण्याचे दायित्व त्यांनी संस्थेवर टाकले आहे. दुरुस्ती निधी गाळ्याच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के व सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के घ्यावा, असेही त्यांत आहे. मात्र ज्या गाळ्याचा बांधकाम खर्च चाळीस वर्षांपूर्वी एक लाख रुपये होता, त्याचा किमान दुरुस्ती निधी होतो वर्षाला ७५० रुपये. एवढ्यात आज इमारतीभोवतीची परांचीही उभी राहायची नाही! सर्वसाधारण सभेला हा दर वाढवता येतो. पण सभेत तळमजल्यावरील सभासद म्हणतो की माझ्याकडे गळत नाही, आणि सर्वात वरच्या मजल्यावरील गृहस्थ बादल्या मांडून थकलेले असतात. शेवटी गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्याचा ठराव होतो. शेडने पाऊस अडतो हे खरे. परंतु आधीच गंजलेली सळई त्याने बरी होत नाही, आणि बाजूच्या भिंतींच्या भेगांतून ओल शिरतच राहते. वास्तविक शेड उभारण्यापूर्वी गच्चीच्या नळांची तोंडे बंद करून एकदोन दिवस पाणी साठवून पाहिले, तर गळती नेमकी कोठून आहे हे बव्हंशी कळते. हा खर्च जवळजवळ शून्य आहे.

गृहसंस्थांची वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. तेव्हा भिंतींवरचे ओघळ अजून सुकलेले नसतात आणि दुरुस्तीचा कोरडा हंगाम पुढे मोकळा पडलेला असतो. समितीने सभेआधी एकदा गच्चीवर चढून, सज्जे व नळ पाहून, सापडलेल्या भेगांची यादी जमाखर्चाच्या आधी सभेपुढे ठेवावी, आणि दिवाळीनंतर परांची बांधायला घ्यावी.