नवी डिस्क बसवली आणि संगणक उठेना

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या कार्यालयात जे झालं ते आज सांगतो, कारण पुष्कळ गटांचे हिशेब आता संगणकावर आहेत.

आमचा संगणक फार हळू झाला होता. सकाळी बटण दाबावं, चहा करून प्यावा, तेव्हा कुठे काम सुरू व्हायचं. म्हणून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवायचं ठरलं. दुरुस्तीवाल्या दादांनी जुन्या डिस्कची नक्कल नवीवर उतरवली. याला क्लोन करणं म्हणतात. नवी डिस्क लावून बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: ‘नो बूटेबल डिव्हाइस’. म्हणजे ज्यावरून सुरू व्हायचं अशी डिस्कच सापडत नाही.

बावीस गटांच्या बचतीच्या आणि कर्जफेडीच्या नोंदी त्यात होत्या, आणि चार दिवसांनी कागद बँकेत द्यायचे होते. दादा म्हणाले, “दोन्ही डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू.” अध्यक्षताई लगेच म्हणाल्या, “जुनीला हात लावायचा नाही.”

त्यांचं बरोबर होतं. नक्कल करताना जुनी डिस्क फक्त वाचली जाते, तिच्यावरचं काही कमी होत नाही. आम्ही नवी काढून जुनी एकटी जोडली, तर संगणक नेहमीसारखा रडतखडत सुरू झाला. आधी सगळे हिशेब पेन ड्राइव्हवर घेतले. मग कुठे जीव भांड्यात पडला.

आता संगणक उठतो कसा ते बघू. बटण दाबलं की आधी बायोस जागा होतो. बायोस म्हणजे संगणकाच्या बोर्डवरच असलेली सुरुवातीची व्यवस्था. कोणत्या डिस्ककडे जायचं हे तो ठरवतो. त्या डिस्कवर सी ड्राइव्हशिवाय एक छोटा कप्पा असतो, बहुतेक वेळा १०० एमबीच्या आसपास. आपल्याला तो एरवी दिसतही नाही, पण विंडोज कुठून सुरू करायचं ते त्यातच लिहिलेलं असतं. तो नसेल तर घर भरलेलं, पण दाराला कडीच सापडत नाही, असं होतं.

म्हणून नवी डिस्क पहिल्यांदा सुरू करताना जुनी काढून ठेवा. दोघींची ओळख एकच असते, त्यामुळे संगणकाचा गोंधळ होऊ शकतो. प्लग काढून केबल घट्ट बसली आहे का बघा. मग सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट दाबून बायोस उघडा (कंपनीनुसार बटण बदलतं). तिथे नव्या डिस्कचं नाव दिसत नसेल तर केबल नाहीतर डिस्कच खराब. नाव दिसत असेल तर बूटच्या यादीत ती वर आणा. तिथेच ‘लेगसी’ आणि ‘यूईएफआय’ असे दोन प्रकार असतात. जुन्या डिस्कच्या वेळी जो होता तोच ठेवा. काहीही बदलण्याआधी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आमच्याकडे तिघींनी तीन बटणं दाबली आणि काय बदललं ते कोणालाच आठवेना!

आमच्या संगणकात केबल ठीक होती, नावही दिसत होतं. चूक नक्कल करतानाच झाली होती: दादांनी फक्त सी ड्राइव्ह उतरवला, तो छोटा कप्पा राहून गेला. या वेळी ‘पूर्ण डिस्क’ निवडून पुन्हा नक्कल केली. तीन तास गेले, पण संगणक उठला. पूर्ण नक्कल करूनही उठला नाही, तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ करून बघता येतं.

कागद वेळेत बँकेत गेले. जुनी डिस्क अजून न पुसता कापडात गुंडाळून पेटीत ठेवली आहे. आता बटण दाबून चहा टाकायला वेळच मिळत नाही, एवढीच आमच्या लेखापालताईंची तक्रार आहे.