एरियन-४ चा प्रोग्रॅम एरियन-५ मध्ये

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपचं एरियन-५ हे नवं रॉकेट पहिल्यांदा झेपावलं. आत ‘क्लस्टर’ मोहिमेचे ४ उपग्रह होते. जेमतेम ४० सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, रॉकेट मार्ग सोडून वळलं, मोडलं आणि त्याचा स्फोट झाला.

इंजिन ठणठणीत होतं. घोटाळा झाला तो रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये. एरियन-४ वर तो उत्तम चालला होता, म्हणूनच नव्या रॉकेटासाठी निवडला गेला.

या प्रोग्रॅममध्ये आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटांच्या अपूर्णांकी रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई. तिथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. अशा ७ संख्या होत्या. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून ४ संख्यांना संरक्षण दिलं, ३ तशाच सोडल्या; आडव्या वेगाची ही संख्या त्यांतलीच. यात निष्काळजीपणा नव्हता; एरियन-४ च्या मार्गावर ही संख्या एवढी फुगणं शक्यच नव्हतं. एरियन-५ चा आडवा वेग मात्र पाचपट झपाट्याने वाढत होता. संख्या मर्यादेबाहेर गेली आणि संगणक बंद पडला. राखीव संगणकात तोच प्रोग्रॅम असल्याने तो क्षणभर आधीच बंद पडला होता! बंद पडताना पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाचीच माहिती मानली आणि इंजिनांचे नोझल टोकापर्यंत वळवले.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. ही आकडेमोड एरियन-५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हती. उलटी गणती ऐनवेळी थांबली तर लवकर पुन्हा सुरू करता यावी, ही जुन्या रॉकेटांची सोय होती. नीट चालणाऱ्या प्रोग्रॅमला कशाला हात लावा, म्हणून ती राहिली.

प्रोग्रॅमच्या एका भागाच्या जागी दुसरा कधी बसवावा, याचा काटेकोर निकष संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडला होता. त्याचा अर्थ असा: नव्या भागाने जास्त अटी घालू नयेत आणि जुन्याने दिलेली हमी कमी करू नये. इथे भाग तोच राहिला, रॉकेट बदललं. माझ्या मते तेव्हाही हीच तपासणी करायला हवी, कारण भागाची अट पाळायची असते ती भोवतालच्या यंत्रणेने. त्यासाठी अट दिसायला तर हवी! ३ संख्या का सोडल्या, याचं कारण प्रोग्रॅमच्या मजकुरात अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाला कुठेच सापडलं नाही. संगणकशास्त्रज्ञ बर्ट्रांड मेयर यांचा आग्रह म्हणूनच मला पटतो: पूर्वअट, म्हणजे भाग वापरण्याआधी पाळायची अट, प्रोग्रॅममध्येच, त्या त्या भागाशेजारी लिहा.

अपघातानंतर प्रत्यक्ष उड्डाणमार्गाचे आकडे घालून तोच प्रोग्रॅम जमिनीवर चालवून पाहिला. घटनांची तीच साखळी जशीच्या तशी घडली. एरियन-५ च्या अपेक्षित मार्गाचे आकडे घालून ही चाचणी उड्डाणाआधीही घेता आली असती.