बिदागी कोणी कोणास द्यावी?

गवयाला बोलवावे व गाणे संपल्यावर बिदागी द्यावी, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु वाजविणाऱ्यानेच पदरचे पैसे भरावेत, असा उफराटा व्यवहार अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरी १९८० नंतरच्या दशकात रूढ झाला.

तेथील सनसेट रस्त्यावर रॉक संगीताचे नामांकित क्लब होते. त्यांपैकी ‘व्हिस्की अ गो गो’मध्ये १९६६ साली वाजवीत असतानाच ‘द डोअर्स’ या पथकाला ध्वनिमुद्रिकांचा करार मिळाला होता. साहजिकच पुढे असंख्य तरुण पथके या रस्त्याकडे धावली. पथके फार आणि रात्री थोड्या. तेव्हा कार्यक्रम ठरविणाऱ्यांनी पथकांनाच तिकिटे आगाऊ विकण्यास आरंभ केला. समजा, १० डॉलरांची ५० तिकिटे घेतली व २० खपली, तर ३०० डॉलरांची खोट पथकाच्या माथी; क्लबचे ५०० डॉलर व मद्यविक्रीचा नफा अबाधित! ती खोट भरून काढण्यासाठी पदपथावर रात्ररात्र हस्तपत्रके वाटल्याच्या आठवणी त्या पिढीचे वादक सांगतात.

न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली उघडलेल्या ‘सीबीजीबी’ क्लबची रीत निराळी होती. दाराशी जमलेले पैसे पथकाचे, मद्याचे उत्पन्न मालकाचे. गर्दी न जमल्यास वादकाच्या हाती फारसे लागत नसे. पण खिशातून जातही नसे.

श्रोते जमविण्याची जोखीम कलावंतावर लादली, की निवड गुणांवर न होता ऐपतीवर होते. मग गुणी पण निर्धन वादकाचे सूर आपल्या कानी पडतच नाहीत. श्रोतेहो, ही हानी केवळ त्याची नव्हे, आपलीही आहे.