ओढणारा पंप, ढकलणारा पंप

वेकबोर्डची, म्हणजे दोरी धरून फळीवर उभ्या खेळाडूला ओढणारी, बोट भर तळ्यात बंद पडली की पहिला आळ फ्युएल पंपावर येतो. मेकॅनिक पंप काढतो, नवा बसवतो, बोट सुरू होते आणि पुष्कळदा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तशीच येऊन थांबते. माझं स्पष्ट मत आहे की या बोटींतले बरेचसे पंप स्वतःच्या दोषानं मरत नाहीत. त्यांना जिथं बसवलंय ती जागा, जे पाजलंय ते पेट्रोल आणि जी पुरवलीय ती वीज त्यांचा जीव घेते.

ही बोट म्हणजे मालवण-गोव्याला दिसणारी, मागे इंजिन टांगलेली स्पीडबोट नव्हे. हिचं व्ही-8 इंजिन बोटीच्या पोटात, पेटीत किंवा मागच्या गादीखाली बंद असतं आणि पंखा तळाखाली, दोरी धरून मागून येणाऱ्या खेळाडूपासून दूर. फ्लोरिडात 1925 साली सुरू झालेली करेक्ट क्राफ्ट, 1968 ची मास्टरक्राफ्ट, 1982 ची मालिबू या अमेरिकन कंपन्या आधी वॉटरस्कीइंगच्या बोटी करत. तेव्हा मागची लाट जितकी सपाट, तितकी बोट चांगली. 1990 च्या दशकात वेकबोर्ड रुजला आणि मागणी पार उलटली. आता लाट उंच हवी. त्यासाठी बोटीत हजार-दीड हजार किलो पाणी भरून तिला मुद्दाम जड करायचं आणि ताशी 35 किलोमीटरच्या आसपास रेटायचं. एकानं दहा मिनिटं खेळायचं, इंजिन बंद करायचं, दुसऱ्यानं पाण्यात उतरायचं, इंजिन पुन्हा सुरू करायचं. दिवसभर हाच क्रम. पंपाच्या दृष्टीनं याहून वाईट दिनक्रम शोधून सापडणार नाही. का, ते पुढे येईलच.

कार्ब्युरेटरच्या काळात काम सोपं होतं. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक तरफ हलवी, तरफेनं पडदा वर-खाली होई आणि 5 ते 7 पीएसआय दाबानं पेट्रोल वर जाई. बोटीतल्या पंपात मात्र एक खुबी होती, आणि तिचं मला फार कौतुक वाटतं. मुख्य पडदा फाटला तरी पेट्रोल पंपाबाहेर सांडता कामा नये, असा अमेरिकन कोस्ट गार्डचा नियम आहे. म्हणून पडद्यामागून एक पारदर्शक नळी कार्ब्युरेटरकडे नेलेली असे. नळीत पेट्रोल दिसलं की पडदा फाटला, हे डोळ्यांनीच कळे आणि सांडलेलं पेट्रोल इंजिनातच जळून जाई. बिघाडाची वर्दी आधी देणारं असं यंत्र पुढच्या पिढीत उरलं नाही.

एवढी कडक शिस्त कशासाठी? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली पेट्रोल ठिबकलं तर वाफ वाऱ्यावर उडून जाते. बोटीच्या तळाला भोक नसतं, त्यामुळे वाफ तिथंच साचते आणि एका ठिणगीनं बोट उडते. म्हणूनच इंजिन सुरू करण्याआधी वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर 4 मिनिटं चालवा, अशी पाटी या बोटींवर सक्तीची आहे. त्याच भीतीपोटी टाकीला सगळी तोंडं वरच्या बाजूलाच, विजेचा पंप फक्त इंजिन सुरू होताना आणि चालू असतानाच फिरणार, आणि पंपाची जागा इंजिनावर किंवा इंजिनापासून 12 इंचांच्या आत, असे नियम झाले. शेवटच्या नियमामागचा विचार बिनतोड आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतची लांब नळी दाबाखाली नसेल, तर ती चिरली तरी पेट्रोलची पिचकारी उडत नाही, उलट बाहेरची हवाच आत ओढली जाते.

नव्वदच्या दशकात कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. त्याला 40 ते 60 पीएसआय दाब लागतो, म्हणजे विजेचा जोरकस पंप आला. मोटारींनी हा पंप सरळ टाकीत बुडवला. बोटींत मात्र तो इंजिनाशेजारी राहिला, आणि दुखणं इथून सुरू झालं.

ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. काठावरची मोटार पाणी ओढते, पाणबुडी मोटार पाणी ढकलते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की काठावरची मोटार हवा धरते, पाणबुडी मुकाट चालत राहते. ओढणं म्हणजे नळीतला दाब हवेच्या दाबाखाली नेणं, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पाण्याच्या बाबतीत ते फारसं जाणवत नाही. पेट्रोलमधले हलके घटक मात्र 35-40 अंशांनाच उकळायला लागतात. ॲरिझोना-युटाच्या सीमेवरचं लेक पॉवेल समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचावर आहे. तिथं हवेचा दाब मुळातच कमी आणि उन्हाळ्यात पारा 40 च्या आसपास. त्यात थंडीसाठी मुद्दाम जास्त उडतं बनवलेलं पेट्रोल टाकीत शिल्लक असलं, तर ओढणाऱ्या पंपाच्या तोंडी पेट्रोल येण्याऐवजी फेस येतो.

आता तो दहा मिनिटांचा क्रम आठवा. इंजिन चालू असतं तेव्हा तळ्याचं पाणी त्यातून फिरून त्याला गार ठेवतं. किल्ली बंद केली की पाणी थांबतं, पण तापलेल्या लोखंडाची उष्णता बंद पेटीत कोंडून राहते आणि शेजारच्या पंपात, फिल्टरमध्ये, नळीत मुरते. पुन्हा किल्ली फिरवली की पंपाचा दोन सेकंदांचा गुणगुणाट ऐकू येतो, पण नेहमीच्या भरीव आवाजाऐवजी तो चिरका, बारीक असतो. इंजिन दोनदा खोकतं आणि बसतं. सेल मारून मारून बॅटरी उतरते. पेटी उघडून पंपावर ओलं फडकं टाकलं आणि पाऊण तास थांबलं, की तीच बोट काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. किनाऱ्यावर मेकॅनिकला काहीच सापडत नाही, कारण तोवर सगळं निवलेलं असतं.

इंजिनवाल्यांनी यावर एक मधला मार्ग काढला. कमी दाबाचा एक पंप टाकीतून पेट्रोल ओढून इंजिनाजवळच्या छोट्या डब्यात भरतो, आणि त्या डब्यात बुडालेला दुसरा पंप ते जोरानं इंजेक्टरकडे ढकलतो. काही बनावटींत डब्याभोवती तळ्याचं पाणी खेळवून पेट्रोल गार केलं जातं. कल्पना चांगली, पण एकाऐवजी दोन पंप, दोन रिले आणि दुप्पट जोड. पहिला पंप मंदावला की डबा कोरडा पडतो आणि दोष नसलेला दुसरा पंप जळतो. काही डब्यांना आतून दिलेला रंग पेट्रोलनं सुटून त्याचे पोपडे पंपात आणि इंजेक्टरमध्ये अडकल्याचेही प्रकार घडले.

पुढे, त्या 12 इंचांच्या नियमाला अपवाद म्हणून, काही बोटींत पंप टाकीतच गेला. या पंपात पेट्रोल थेट मोटारीच्या अंगातून वाहतं, कार्बन ब्रशांना चाटून जातं. पेट्रोलमध्ये ठिणग्या, हे ऐकून धस्स होतं. पण हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तरच ती पेटते, आणि पंपाच्या आत हवाच नसते. उलट वाहतं पेट्रोल मोटारीला गार ठेवतं. मेलेला पंप कापून पाहिला तर बहुधा तोंडाची जाळीची पिशवी तपकिरी चिकट्यानं माखलेली आणि ब्रश झिजून बुंध्याशी आलेले दिसतात. पिशवी तुंबली की पंपाला जास्त जोर लावावा लागतो, तो जास्त वीज खातो, तापतो.

दोरी सोडून नुसत्या बोटीच्या लाटेवर फळी चालवायच्या वेकसर्फिंगनं यात भर घातली. लाट एका बाजूला उंच उठावी म्हणून बोट मुद्दाम एका अंगावर कलती चालवतात. टाकी पाव भरलेली असेल तर पेट्रोल एका कोपऱ्यात जातं आणि पंप हवा पितो. म्हणून टाकी निम्म्याखाली उतरू देऊ नये. आणि टाकीतल्या पंपापर्यंत पोचायचं, तर गाद्या, पाण्याच्या पिशव्या, कधी फळ्याही उचकटाव्या लागतात. लाखो डॉलरच्या बोटीत टाकीवर हातभर झाकण देणं एवढं अवघड आहे का? इथं बोटबांधणाऱ्यांची चूकच आहे.

पेट्रोलही बदललंय. अमेरिकेत 10 टक्के इथेनॉल सर्रास असतं, 15 टक्क्यांचं पेट्रोल बोटींना वापरायला मनाई आहे. इथेनॉल हवेतली ओल पितं, प्रमाण वाढलं की पाण्यासह तळाशी उतरतं, आणि पंपाची पिशवी असते तीही तळाशीच. जुन्या रबरी नळ्या त्यानं आतून सुटतात. मिशिगन-मिनेसोटात बोटी सहा-सहा महिने बंद असतात, तेवढा वेळ त्याला पुरतो. आपल्याकडे आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय आणि सिंधुदुर्गातल्या जलक्रीडेच्या बोटी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्यांची आउटबोर्ड इंजिनं आणि पंप वेगळे असले, तरी दमट हवेत टाकीत पडून राहणाऱ्या पेट्रोलचा त्रास तोच. हंगाम संपताना टाक्या आणि फिल्टर रिकामे केलेले बरे.

पंप बदलण्याआधी तपासायच्या गोष्टी थोड्या आहेत. इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, म्हणजे फ्युएल रेलवर, मोटारीच्या टायरला असतं तसंच व्हॉल्व्ह असतं. तिथं गेज लावून बोट खऱ्या ओझ्याखाली चालवावी, किनाऱ्यावर नुसती घुरघुरत ठेवून नव्हे. पंपाच्या पिनांवर व्होल्टेज मोजावं, कारण गंजलेला जोड आणि एकाच बॅटरीवरचे मोठाले स्पीकर पंपाचे दोन-दोन व्होल्ट खाऊन टाकतात. टाकीच्या तोंडाशी पेट्रोल आपोआप झिरपू नये म्हणून स्प्रिंग आणि गोळीचं छोटं व्हॉल्व्ह बसवतात. ते अडकलं तर पंप कितीही चांगला असो, उपाशीच राहतो. बाहेरच्या ओढणाऱ्या पंपाची सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे त्याला वेगळ्या सुट्या टाकीतून पेट्रोल पाजणं. तेवढ्यानं इंजिन सुरळीत चाललं तर दोष टाकीच्या बाजूला. तरीही दाब पडत असेल तर पंप खुशाल बदलावा, आणि सोबत त्याचा रिले, वायरीचा जोड आणि फिल्टरही.