जादू चोराची, तपास माणसाचा

सिनेमाची कुळं : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण निव्वळ रहस्यपट पाहिले. त्यांत भूत आलंच तर शेवटच्या रिळात त्याचा बुरखा फाडायचा, असा दंडक होता. १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्ये रात्रभर पैंजण वाजतात, हवेलीवर शाप आहे असं गाव सांगतं आणि अखेर सापडतो तो हाडामांसाचा माणूस. इंग्लंडमधले पाद्री आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत दैवी किंवा अमानवी शक्तींना सरळ मज्जाव होता. कारण उघड आहे. भिंतीतून आरपार जाणारा खुनी असेल, तर बंद खोलीच्या कोड्यात राम उरत नाही.

तरीही भूत खरं, जादू खरी आणि तपासही खरा, असे चित्रपट निघतात आणि रंगतातही. ते कशाच्या जोरावर, ते आज पाहू.

त्यासाठी आधी आपल्या जालना जिल्ह्यातच डोकावू. अंबड तालुक्यातल्या जामखेडला जांबुवंताचं देवस्थान आहे. हा जांबुवंत ज्या स्यमंतक मण्याच्या कथेत येतो, ती कथा गणेशचतुर्थीला घरोघरी सांगितली जाते. चवथीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण जरा पोलिसी नजरेनं वाचली तर ती अद्भुताच्या मुलखात घडणारी चोख तपासकथा आहे.

मणी सूर्यानं दिलेला आणि रोज आठ भार सोनं देणारा. त्याचा मालक सत्राजित. कृष्णानं तो मणी उग्रसेनासाठी मागितला होता आणि सत्राजितानं नकार दिला होता. पुढं सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला, तो परतलाच नाही. संशय कृष्णावर आला, कारण हेतू त्याच्याकडेच होता.

आता कृष्ण काय करतो ते बघा. तो देव आहे, डोळे मिटून सगळं जाणू शकतो. पण कथा त्याला तसं करू देत नाही. तो चार नागरिक सोबत घेऊन रानात जातो. आधी प्रसेन आणि त्याचा घोडा मेलेला सापडतो. तिथून सिंहाचे ठसे, पुढं मेलेला सिंह, मग अस्वलाचा माग आणि शेवटी गुहा. आत अस्वलराज जांबुवंताशी झुंज होते, भागवत ती अठ्ठावीस दिवसांची सांगतं. मणी हाती आल्यावर कृष्ण तो गुपचूप परत करत नाही, राजसभेत सर्वांदेखत हकिगत सांगून सत्राजिताच्या हवाली करतो. पुढच्या काळातले गुप्तहेर सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून उलगडा करतात, तोच हा प्रसंग.

या जातीच्या चित्रपटाची किल्ली इथंच आहे. वस्तू अद्भुत असू दे, चोर अद्भुत असू दे, तपासणाऱ्यानं मात्र पायी चालायचं. जादू त्याच्या बाजूला गेली की कोडं संपलं आणि चमत्कार सुरू झाला.

मराठीतलं सर्वांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (१९९३). त्याची कल्पना हॉलिवूडच्या १९८८ मधल्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून आलेली, पण रुजली ती अस्सल मराठी मातीत. गुन्हेगार तात्या विंचू मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि मरता मरता बाहुल्यात शिरतो. ही सूट मोठी आहे, म्हणून लगेच दोन अटी येतात. बाहुल्यातून सुटायचं तर ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरावं लागेल. आणि भुवयांच्या मधोमध गोळी लागली तर खेळ खलास. पहिल्या अटीमुळं तात्या भाबड्या नायकाच्या, लक्ष्याच्याच मागं का लागतो ते कळतं. दुसरीमुळं इन्स्पेक्टर महेश जाधवच्या साध्या पिस्तुलाला किंमत येते. त्याला ना मंत्र येतो ना तंत्र. लक्ष्या खरं सांगतो तर लोक त्याला वेड्यात काढतात, म्हणजे खोटा आळही आलाच. स्यमंतकाची चौकट इथं जशीच्या तशी दिसते.

रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) हेच जास्त नेटकेपणानं करतो. १९४७ चं लॉस एंजेलिस, तिथं माणसं आणि कार्टून एकत्र राहतात. खुनाचा आळ एका कार्टून सशावर आणि तपास एडी व्हॅलियंट या पिचलेल्या खासगी गुप्तहेराकडं. कार्टूनवर तिजोरी पडली तरी ते मरत नाही. पण टर्पेंटाइन, अ‍ॅसिटोन आणि बेन्झिनच्या मिश्रणात पडलं की विरघळून जातं. रंगानं बनलेला जीव रंग काढणाऱ्या द्रावणानंच मरणार, हे लगेच पटतं. बेडीतून हात सहज काढून घेणारा ससा सांगतो की हे आधी जमलं नसतं, हसू येईल अशाच वेळी जमतं. कायदा विनोदी आहे, पण कायदा आहे.

आता याउलट. रीमा कागती यांचा ‘तलाश’ (२०१२) ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. मुंबईत एका नटाची गाडी समुद्रात जाते, इन्स्पेक्टर सुर्जनसिंह शेखावत तपास करतो आणि रोझी नावाची बाई त्याला वाट दाखवत राहते. शेवटी कळतं, ती जिवंतच नव्हती. चित्रपटानं इशारा दिला होता. शेजारची बाई सुर्जनच्या मेलेल्या मुलाशी संवाद घडवते आणि तो ते थोतांड म्हणून झिडकारतो. तरी पुष्कळ प्रेक्षक फसवल्यासारखे बाहेर पडले. मला वाटतं, राग भुताचा नव्हता. सुगावे भुतानं पुरवले, इन्स्पेक्टरनं शोधले नाहीत, ही खरी सल. बाप म्हणून सुर्जनची गोष्ट भिडते, पोलीस म्हणून तो उधारीवर जगतो.

मराठी वाचकाला हा फरक नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय तर्कानं चालायचा. नारायण धारपांचा समर्थ अमानवी शक्तींशी झुंजायचा, पण स्वतः सिद्धी बाळगून. त्यामुळं तिथं थरार मिळतो तो द्वंद्वाचा, तपासाचा नाही. हे दोन प्रवाह आपल्याकडं शेजारी शेजारी वाहिले, मिसळले फार कमी.

पडद्यावरही तेच दिसतं. आदित्य सरपोतदार यांनी ‘फास्टर फेणे’ (२०१७) हा चोख तपासपट केला आणि कोकणातल्या पिंपळावरचा ‘मुंज्या’ हिंदीत (२०२४) आणला. दोन्ही कसबं एकाच दिग्दर्शकाकडं आहेत. मुंज्याची अट ठाऊक नसलेला बन्या फेणे त्याच्या मागावर सुटला आणि जवळ जिभेच्या त्या ‘टॉक’पेक्षा जास्त काही नसलं, तर तो चित्रपट मी पहिल्या खेळाला पाहीन.

पुढच्या भागात : न्यायालयातच घडणारे चित्रपट.