कुस्तीच्या लढतींचे चित्रफीत पुनरावलोकन

कुस्तीच्या लढतींचे चित्रफीत पुनरावलोकन म्हणजे दूरचित्रवाणीवर दाखवलेली किंवा अन्य प्रकारे चित्रित झालेली लढत पुन्हा पाहून तिच्यातील डाव, गुण आणि निकाल तपासण्याची पद्धत होय. ते दोन प्रकारे केले जाते. लढत चालू असताना पंचांनी नियमांच्या चौकटीत केलेले पुनरावलोकन हा पहिला प्रकार. लढत संपल्यानंतर प्रशिक्षक, मल्ल, पत्रकार व प्रेक्षक यांनी केलेली तपासणी हा दुसरा. पहिल्या प्रकारात गुण बदलू शकतात. दुसऱ्यातून निकालाविषयीचे मत बदलते, पण निकाल सहसा कायम राहतो. महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील २०२३ व २०२५ च्या वादांमुळे हा फरक राज्यभर चर्चेचा विषय झाला.

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यातील जत्रा व उरुसांत होणाऱ्या कुस्त्या परंपरेने लाल मातीत आणि निकाली पद्धतीने खेळल्या जातात. नारळावरच्या कुस्त्यांपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत निकालाची कसोटी एकच असते, ती म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चितपट करणे. कोणीच चीत न झाल्यास कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. अशा फडात गुणफलक नसतो. हौद्याभोवती बसलेले जुने मल्ल व वस्ताद यांच्यासमोर पंच निर्णय देतात.

महाराष्ट्र केसरी हा किताब १९६१ साली औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी यांनी प्रथम जिंकला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यामुळे किताबाच्या पहिल्या दशकातील लढती दूरचित्रवाणीवर आल्या नाहीत आणि त्यांची माहिती प्रामुख्याने वृत्तपत्रे, छायाचित्रे व आठवणींतून मिळते. गुणांवर आधारित गादीवरील कुस्ती, थेट प्रक्षेपण आणि पुढे भ्रमणध्वनीवरील चित्रण यांमुळे परिस्थिती पालटली. आता वादग्रस्त क्षण काही मिनिटांतच गावोगावी पोहोचतो.

नियमांतील तरतूद

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गादीवरील लढतीसाठी पंच, पार्श्वपंच आणि मॅट अध्यक्ष असे तीन अधिकारी असतात. दिलेला किंवा नाकारलेला गुण चुकीचा वाटल्यास मल्लाचा प्रशिक्षक ‘चॅलेंज’ मागू शकतो. त्यासाठी गुण फलकावर दिसल्यापासून ५ सेकंदांच्या आत एक मऊ वस्तू गादीवर टाकावी लागते. त्यानंतर लढत थांबवून चित्रण पाहिले जाते. आक्षेप फेटाळला गेल्यास प्रतिस्पर्ध्याला १ गुण मिळतो आणि त्या लढतीत पुन्हा चॅलेंज मागता येत नाही. आक्षेप मान्य झाल्यास हा अधिकार शाबूत राहतो.

रिओ ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये झालेली साक्षी मलिक हिची कांस्यपदकाची लढत हे याचे परिचित उदाहरण आहे. किर्गिझस्तानच्या ऐसुलू तिनिबेकोव्हा हिच्याविरुद्ध ०–५ अशा पिछाडीवरून साक्षीने अखेरच्या क्षणी आघाडी घेतली. किर्गिझस्तानच्या बाजूने घेतलेला आक्षेप फेटाळला गेल्याने साक्षीला आणखी एक गुण मिळाला आणि लढत ८–५ अशी संपली.

चितपटीच्या निर्णयाला मात्र चॅलेंज देता येत नाही. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे गादीला टेकलेले आणि पंचाला पूर्ण ताबा दिसेल इतका वेळ धरून ठेवलेले असावे लागतात. या निर्णयाला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती घेतलेली असल्याने तो अंतिम मानला जातो. लढत संपल्यानंतर निकाल बदलण्यासाठीही निषेध नोंदवता येत नाही.

महाराष्ट्र केसरीतील वाद

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेत माती विभागातील निर्णायक लढत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्यात झाली. गायकवाड यांनी टाकलेल्या बाहेरील टांगेला पंचांनी ४ गुण दिले. प्रतिस्पर्धी फेकीतून थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ व जमीन यांतील कोन ९० अंशांपेक्षा कमी होईल अशा स्थितीत आला, तरच ४ गुण मिळतात. सिकंदर शेख तशा स्थितीत आले होते का, यावर लढतीच्या चित्रफिती पुनःपुन्हा पाहून राज्यभर मतमतांतरे व्यक्त झाली. निकाल कायम राहिला. अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी गायकवाड यांना हरवून किताब जिंकला.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकले नव्हते, असे सांगत राक्षे यांनी चित्रण पाहण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. त्यानंतर झालेल्या वादात त्यांनी पंचांची कॉलर धरली व त्यांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड गुणाच्या निर्णयावर नाराज होऊन लढत अर्धवट सोडून गेले आणि मोहोळ विजयी ठरले. राक्षे व गायकवाड यांच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. चितपटीच्या निर्णयाची चौकशी करण्यासाठी पुढे समितीही नेमण्यात आली.

चित्रणाच्या मर्यादा

एकाच कोनातून घेतलेल्या चित्रणात खोली कळत नाही. मल्लाच्या धडाआड गेलेला खांदा टेकला की थोडा वर राहिला, हे समोरच्या कॅमेऱ्यातून ठरवता येत नाही. त्यासाठी किमान दुसऱ्या बाजूचे, जमिनीलगतचे दृश्य लागते.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. भारतातील पारंपरिक दूरचित्रवाणी प्रक्षेपणात सेकंदाला २५ चित्रे असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये ४० सहस्रांश सेकंदांचे अंतर असते. एखाद्या चित्रात दोन्ही खांदे टेकलेले दिसले, तरी तेवढ्याने ताबा सिद्ध होत नाही. मंदगतीत तोच स्पर्श लांबलेला दिसतो आणि ओझरता टेकलेला खांदा धरून ठेवल्यासारखा भासतो. म्हणून डावाचा क्रम समजण्यासाठी मंदगती उपयोगी पडते, पण ताबा किती वेळ होता हे मूळ गतीतच पाहावे लागते.

जुन्या लढतींचे मूल्यमापन

जुनी लढत तपासताना त्या काळचे नियम लावणे आवश्यक असते. २००५ ते २०१३ या काळात आंतरराष्ट्रीय कुस्ती २ मिनिटांच्या तीन डावांत खेळली जाई आणि दोन डाव जिंकणारा विजयी ठरे. २०१३ पासून ३ मिनिटांचे दोन भाग झाले, त्यांतील गुणांची बेरीज होऊ लागली आणि पट काढून ताबा मिळवण्याचे मूल्य १ वरून २ गुण झाले. सुशील कुमार यांच्या २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील लढती आजच्या पद्धतीने मोजल्यास चुकीचे चित्र उभे राहते.

मिश्र युद्धकला या खेळातही हाच प्रश्न येतो. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत गुण देणारे परीक्षक नव्हते. जपानमधील प्राइड स्पर्धेत फेरीनिहाय गुण न देता संपूर्ण लढतीचा एकत्रित विचार केला जाई. आज प्रचलित असलेली प्रत्येक फेरीला १० गुणांची पद्धत त्या लढतींना लावली, तर वेगळाच विजेता निघू शकतो. या खेळात अनेक क्रीडा आयोगांनी चित्रण पाहण्याची मुभा लढत संपवणाऱ्या क्षणापुरती दिली आहे. कुस्तीत नेमक्या त्याच क्षणाला, म्हणजे चितपटीला, चॅलेंज नाही.

महत्त्व

महाराष्ट्र केसरीसाठी परभणीसह राज्यातील जिल्ह्यांचे मल्ल निवड चाचणीतून पुढे जातात. किताबाच्या लढतीभोवती अनेक कॅमेरे असतात, तर चाचणीत बहुधा प्रेक्षकांच्या भ्रमणध्वनीवरील चित्रणच उपलब्ध असते आणि तेही एकाच कोनातून घेतलेले असते. असे चित्रण निकालासाठी अपुरे असले, तरी प्रशिक्षणासाठी उपयुक्त ठरते. पट काढताना मान कोठे गेली, टांग लागण्यापूर्वी वजन कोणत्या पायावर होते, अशा बाबी त्यातून मल्लाला दाखवता येतात. पंचांच्या प्रशिक्षणातही वादग्रस्त क्षणांच्या चित्रफितींचा उपयोग करता येतो.